डॉ. ना. गो. कालेलकर आणि आमच्या सीमेवरची बोली



सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना घाट उतरला की आमचे इन्सुली गाव लागते. पुढे बांदा, तेरेखोल नदी, आणि थोडे पुढे गेले की पत्रादेवी, म्हणजे गोवा. आज या रस्त्याने मोटारी भरधाव जातात आणि हद्द केव्हा ओलांडली हे प्रवाशाला कळतही नाही. पण १९४८ सालापर्यंत आम्ही सावंतवाडी संस्थानची प्रजा होतो आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता. माणसाला तेथे अडवीत, त्याच्या गाठोड्याची झडती होई. शब्दांना मात्र कोणी कधी अडविले नाही. पगार, चावी, बटाटा, काजू हे शब्द त्याच पोर्तुगीज वाटेने आले आणि सगळ्या महाराष्ट्राचे झाले. आमच्याकडील जुनी माणसे खिडकीला जनेल म्हणत, तोही त्याच घरचा पाहुणा.

अशा गावात वाढलेल्या मुलाला भाषेविषयीचा पहिला धडा शाळेतच मिळतो, आणि तो बहुधा अपमानाचा असतो. आमच्या वर्गात एकदा ‘माझे घर’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. आम्ही पाटीवर ‘माझा घर’ असे लिहिले. मास्तरांनी ती पाटी वर्गाला दाखविली आणि विचारले, “घर पुल्लिंगी केव्हापासून झाले?” सारा वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी ‘माझा घर’ असेच म्हणत, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही. मास्तर वाईट नव्हते. त्यांनाही त्यांच्या मास्तरांनी तसेच शिकविले होते. पण आपल्या आईची भाषा म्हणजे पुस्तकातील भाषेची मोडतोड, ही समजूत त्या दिवशी मनात बसली, ती पुष्कळ वर्षे गेली नाही.

पुढे मोठेपणी एक पुस्तक हाती आले. नाव ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’, लेखक नारायण गोविंद कालेलकर. त्या पुस्तकाने आम्हांला उत्तरापेक्षाही मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत. कोणी काही बोलले तर ते शुद्ध की अशुद्ध असे आधी विचारू नये. हा माणूस असे का बोलतो, आणखी कोण असे बोलतात, आणि केव्हापासून, असे विचारावे. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत तो विषय म्हणजे ही रीत आणि ती मराठीत आणणारा माणूस.

कालेलकर हे आडनाव कालेली गावावरून आले. सावंतवाडीच्या परिसरातीलच हे गाव. काकासाहेब कालेलकरांमुळे ते नाव देशभर गेले. ज्यांना भाषेच्या अभ्यासात रस आहे त्यांना ते नारायणरावांमुळेही ठाऊक आहे. नारायणरावांचा जन्म १९०९ सालचा. ते पॅरिसला गेले, तेथे झ्यूल ब्लॉक यांच्याजवळ त्यांनी अध्ययन केले, आणि परत आल्यावर बडोद्यास व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. १९५५ मध्ये ‘ध्वनिविचार’, १९६२ मध्ये ‘भाषा आणि संस्कृती’ आणि १९६४ मध्ये ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही त्यांची पुस्तके निघाली. शेवटच्या पुस्तकास १९६७ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कथा नाही, कविता नाही, नाटक नाही, तर भाषाशास्त्रावरच्या पुस्तकास हा मान मिळाला, ही गोष्ट मराठी वाचकांना भूषणावह आहे. १९८९ मध्ये ते वारले. आयुष्याचा हिशेब एवढ्या ओळींत मावतो. विद्वानांची आयुष्ये बाहेरून पाहता अशीच असतात. त्यांच्या कामाचे महत्त्व समजण्यास मात्र ते पॅरिसहून काय घेऊन आले हे पाहिले पाहिजे.

झ्यूल ब्लॉक हा फ्रेंच पंडित. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्याचा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये तो मराठीत आणला. आमच्या भाषेचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास एका परक्या माणसाने लिहावा, याची काहींना खंत वाटली असेल. आम्हांला ती वाटत नाही. ब्लॉक हा मेयेचा शिष्य, आणि मेये तरुणपणी सोस्यूरच्या व्याख्यानांना बसलेला. सोस्यूर १९१३ मध्ये निवर्तल्यावर त्याच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ मध्ये जे पुस्तक तयार झाले, त्याने भाषेच्या अभ्यासाची दिशाच बदलली. शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने घातलेले नाही, समाजाने मानलेले आहे, हे त्याचे मुख्य सांगणे. झाडाला झाड म्हणावे असे झाडात काही नाही. एकदा हे मान्य केले, की मग ‘माझे’ हे ‘माझा’पेक्षा जात्याच श्रेष्ठ आहे असे म्हणण्यास आधार उरत नाही.

पॅरिसची दुसरी देणगी भाषेच्या भूगोलाची. ती कथा मोठी मनोरंजक आहे. झिलिएरों नावाच्या पंडिताला फ्रान्समधील बोलींचे नकाशे काढावयाचे होते. खेडोपाडी जाऊन ऐकण्यासाठी त्याने कोणी प्राध्यापक निवडला नाही. त्याने निवडला एक किराणा दुकानदार. त्याचे नाव एदमों आणि आडनावही एदमों. कान अतिशय तीक्ष्ण, आणि मनात कोणताही सिद्धान्त नाही, ही त्याची पात्रता. १८९७ पासून १९०१ पर्यंत हा मनुष्य फ्रान्सभर हिंडला आणि ६३९ ठिकाणी लोकांना तेच तेच प्रश्न विचारून, जे ऐकले ते जसेच्या तसे टिपीत गेला. त्यावरून १९०२ ते १९१० या काळात नकाशांचा प्रचंड संग्रह छापला गेला.

त्या नकाशांत एक चमत्कार आढळला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील काही भागांत उच्चार बदलता बदलता कोंबड्याचा शब्द आणि मांजराचा शब्द एकसारखाच होऊन बसण्याची वेळ आली. आता खुराड्यात कोंबडा शिरला की मांजर, हे कळले नाही तर शेतकऱ्याचे कसे चालेल? तेव्हा लोकांनी कोंबड्याचा जुना शब्द सोडून दिला, आणि कोणी त्याला रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याचे नाव दिले, तर कोणी चक्क पाद्रीबाबा म्हणू लागले! हा ठराव कोणत्या सभेने केला नाही, की कोणा पंडिताने सुचविला नाही. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या माणसांच्या मनाने भाषेतील अडचण ओळखली आणि सोडविली. बोली म्हणजे बेशिस्त नव्हे, तिच्यामागे सतत काम करणारे मन असते, हा या गोष्टीचा अर्थ. ‘इतिहास आणि भूगोल’ ही जोडी कालेलकरांच्या पुस्तकाच्या नावात का आली, हेही यावरून कळावे.

आता हीच रीत आमच्या पाटीवरच्या ‘माझा घर’ला लावून पाहू.

आमच्याकडे ‘माझो झील’, ‘माझी बायल’ आणि ‘माझा घर’ असे म्हणतात. या तिसऱ्या ‘माझा’चा शेवट नाकात होतो; लिहावयाचे तर ‘माझां’ असे लिहावे लागेल. ‘घोडो धावलो’, ‘गाय धावली’, ‘वासरू धावलां’. पुल्लिंगाला ओ, स्त्रीलिंगाला ई, नपुंसकलिंगाला नाकातला आ. एका शब्दाला नव्हे, साऱ्या भाषेला लागू पडणारा हा नियम आहे. प्रमाण मराठीत पुल्लिंगाला आ, स्त्रीलिंगाला ई, आणि नपुंसकलिंगाला ए. दोन्हीकडे खाने तीनच. खुणा मात्र वेगळ्या. गोंधळ होतो तो एवढ्यामुळेच, की प्रमाण मराठीची पुल्लिंगाची खूण आमच्या नपुंसकाच्या खुणेसारखी दिसते. मुलाने घर पुल्लिंगी केलेच नव्हते. त्याने ते नपुंसकलिंगीच ठेवले होते, पण आपल्या आईच्या व्याकरणाने. ‘तो गेलो’ असे त्याने लिहिले तर मास्तरांना वाटते की ह्याला ‘मी’ आणि ‘तो’ यांतला भेद समजत नाही. तोही भेद त्याला उत्तम समजत असतो.

हा झाला नियम. आता इतिहास. संस्कृतातील घोटक प्राकृतातून येता येता ‘घोडओ’ अशा रूपापर्यंत आला. तेथून गुजराती, राजस्थानी आणि कोकणी यांनी ‘घोडो’ ठेवला. मराठीने व हिंदीने ‘घोडा’ केला. म्हणजे ‘घोडो’ ही ‘घोड्या’ची बिघडलेली आवृत्ती नव्हे. दोघे एकाच घरचे भाऊ, वेगळे निघालेले. नाकातल्या उच्चाराचे तर त्याहून नवल आहे. ‘तें झाड पडलें’ असे अनुस्वार देऊन आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत लिहीत असत. देशावर तो उच्चार केव्हाच लोपला होता, केवळ लेखणीत उरला होता. म्हणून १९६२ च्या लेखननियमांनी असले अनुस्वार काढून टाकले. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण गंमत अशी, की जो उच्चार मेला म्हणून त्याची खूण पुसण्यात आली, तो आमच्याकडील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नाकात जिवंत होता. ज्या मुलाला आम्ही अशुद्ध म्हटले तो जुन्या मराठीचा साक्षीदार निघाला.

अशुद्धतेची ही कल्पनाही जुनीच आहे. ‘गौः’ या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपशब्द लोक करतात, असे पतंजलीने महाभाष्यात नमूद केले. आपण मराठीत जिला गाय म्हणतो ती त्या शुद्ध ‘गौः’पेक्षा ‘गावी’ या अपशब्दाच्या अधिक जवळची आहे. अपशब्द म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांच्याच वंशात आपला सगळ्यांचा जन्म झालेला आहे, हे विसरता कामा नये.

मग भूगोल. सावंतवाडीहून निघून गोव्यात आत आत चालत जावे आणि कान उघडे ठेवावेत. ‘मला’ मागेच सुटलेले असते, ‘माका’ सर्वत्र भेटते. ‘घोडो’ही पार पलीकडे जातो. पण आमचे ‘व्हया’ मागे पडून ‘जाय’ येते, ‘नाय’चे ‘ना’ होते, ‘कित्या’च्या जोडीला ‘कितें’ येते, आणि ‘माझां घर’ जाऊन ‘म्हजें घर’ ऐकू येते. म्हणजे नपुंसकाच्या बाबतीत गोव्याची भाषा आमच्यापेक्षा जुन्या मराठी लेखनाला अधिक जवळची, आणि पुल्लिंगाच्या बाबतीत आमची सखी! प्रत्येक शब्दाची हद्द निराळी. सगळे शब्द एकाच दगडापाशी वेष पालटतात असा दगड कोठेही सापडत नाही.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. मग ही बोली मराठीची की कोकणीची? ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने उधळ्या पुत्राची बायबलातली गोष्ट बोलीबोलींतून लिहवून घेतली. त्या पाहणीचा सातवा खंड स्टेन कोनो याने तयार केला, तो १९०५ मध्ये निघाला, आणि त्यात कोकणी मराठीच्या अंतर्गत घातलेली आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डॉ. अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची माला काढली, तिचा १९६५ सालचा भाग आमच्या कुडाळी बोलीवर आहे. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. या वादात पुष्कळ कागद आणि थोडे रक्तही खर्ची पडले आहे. आमचे मत विचाराल तर ते असे आहे : कोणते रूप कोठवर बोलतात हे भाषाशास्त्र सांगू शकते, पण आपल्या बोलण्याला कोणते नाव द्यावे हे ते बोलणारा समाज ठरवितो. ज्याचा निर्णय त्याच्याकडे ठेवला, की दोन्ही बाजूंचा ताप पुष्कळ उतरेल.

हद्दीची रेघ का सापडत नाही, याचा शोध पुढच्या पिढीने मनुष्याच्या मनात घेतला. ज्याला आता बोधात्मक भाषाविज्ञान म्हणतात ते हेच. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात एलिनॉर रॉश या विदुषीने प्रयोगांनी दाखविले, की आपल्या मनातील वर्गांना कुंपण नसते, मध्य असतो. पक्षी म्हटले की चिमणी किंवा कावळा चटकन डोळ्यांपुढे येतो. कोंबडी पक्षीच, पण जरा कडेची. जॉर्ज लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञाने तो धागा उचलला. मार्क जॉन्सनबरोबर १९८० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याने असे मांडले, की रूपक हा कवींचा अलंकार नसून आपल्या रोजच्या विचाराचे साधन आहे. मराठी माणसाला हे पटण्यास फार पुरावा नको. राग आपल्याला चढतो आणि उतरतो, बाजारात भावही चढतात आणि उतरतात. काळ तर रस्ताच झाला आहे, त्यावर मागचे वर्ष आणि पुढचे वर्ष.

लेकॉफचे १९८७ सालचे दुसरे पुस्तक तर लिंगव्यवस्थेवरच उभे आहे. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी भाषेत नामांचे चार वर्ग आहेत, आणि त्यांपैकी एकात स्त्रिया, अग्नी आणि काही भयंकर वस्तू एकत्र येतात. असे का, याचा त्याने विचार केला. त्यासाठी ऑस्ट्रेलियास जाण्याचे आम्हांला कारण नाही. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात, आणि ‘चेडू इला’ हे रूप नपुंसकलिंगी आहे. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू यांच्याच पंगतीत चेडू बसते. लहान, कोवळे, सांभाळावयाचे ते सारे या पंगतीला. मुलगा मात्र झील म्हणून पुल्लिंगी, आणि मुलगी बायल झाली म्हणजे मग स्त्रीलिंगी. हे वात्सल्य म्हणावे की पंक्तिप्रपंच, हे आमच्या गावच्या मुलींनीच सांगावे. पण एवढे खरे, की बोलीच्या एका प्रत्ययात समाजाचे सारे मन साठविलेले असते. तो प्रत्यय पुसून टाकला तर ते मन वाचण्याचे साधनच जाते.

मराठीत अर्थाचा आणि मनाचा हा विचार पुढे नेला तो डेक्कन कॉलेजातलेच डॉ. अशोक केळकर यांनी. १९२९ साली जन्मलेल्या केळकरांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून पदवी मिळविली. त्यांना इंग्रजीत लिहून जगभर नाव मिळविता आले असते, आणि ते मिळालेही. तरी १९८३ मध्ये मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक सुरू झाले तेव्हा त्याचे संपादकत्व त्यांनी पत्करले. ‘वैखरी’, ‘मध्यमा’, ‘रुजुवात’ ही त्यांची पुस्तके मराठीतच आहेत. ‘रुजुवात’ला २०१० सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये ते गेले. कालेलकर आणि केळकर या दोघांची प्रकृती भिन्न, अभ्यासाची घराणीही भिन्न. पण शास्त्र मराठी वाचकाला मराठीत सांगितले पाहिजे, या निष्ठेत दोघांत अंतर नव्हते.

यावर कोणी विचारील, तर मग शाळेत प्रमाणभाषा शिकवूच नये काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. प्रमाणभाषेमुळे नागपूरचा आणि इन्सुलीचा मनुष्य एकच पुस्तक वाचू शकतो. नोकरी, न्याय, ज्ञान यांचे दरवाजे तिच्यामुळे उघडतात. गरिबाच्या मुलाला तर तिची सर्वांत अधिक गरज आहे. प्रश्न शिकविण्याच्या रीतीचा आहे. ‘तुझे चुकले’ असे सांगून शिकविता येते, ‘तुझ्या घरी ओ, पुस्तकात आ, तुझ्या घरी नाकातला आ, पुस्तकात ए’ असे फळ्यावर समोरासमोर मांडूनही शिकविता येते. पहिल्या रीतीने मूल दोन भाषांत मुके होते. दुसऱ्या रीतीने त्याला एका तासात दोन व्याकरणे कळतात, आणि आपल्या आईलाही व्याकरण येत होते हे कळते.

आज आमच्या गावात वेगळीच स्थिती आहे. मास्तरांना हसण्याचे कारण उरलेले नाही, कारण पुष्कळ घरांतून आता आईबापच मुलांशी पुस्तकी मराठीत किंवा अर्धवट इंग्रजीत बोलतात. मच्छिंद्र कांबळी यांच्या नाटकांनी मालवणीला रंगभूमीवर मोठा मान मिळवून दिला. पण रंगभूमीवर तिला ऐकून पोट धरून हसणारा मनुष्य घरी गेल्यावर मुलाशी तिच्यात बोलत नाही. ज्या बोलीचे फक्त हसे उरते तिचे दिवस मोजके असतात.

म्हणून या सभेस आमची विनंती लहानशी आहे. आपापल्या घरी ज्या आजी असतील त्यांच्याजवळ या सुट्टीत बसावे. भांड्यांची, माशांची, झाडांची, नात्यांची नावे त्या कशी उच्चारतात ते ऐकावे आणि एका वहीत जसेच्या तसे लिहून काढावे. सुधारून लिहू नये. फ्रान्समधल्या त्या किराणा दुकानदाराने हेच केले, त्यापेक्षा अधिक काही केले नाही. आम्ही आमची वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘माझा घर’ असे लिहिले आहे, आणि या खेपेस ‘झा’वर अनुस्वार द्यावयास आम्ही विसरलो नाही.